दहावा माणूस मागच्या दाराने

कॉव्हेंट्रीतल्या त्या घराला दारं दोन होती आणि किल्ली एक. ती किल्ली राफाएल किहीमकरच्या कमरेच्या साखळीला असायची. पुढच्या दाराने घरात शिरायचं ते राफाएलने, पाहुण्यांनी आणि टपालाने. त्याच्या बायकोने, म्हणजे सिमाने, दोन घरांमधल्या बोळातून जायचं, कोळशाच्या खोपटाला वळसा घालायचा आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायचं. मागच्या दाराला कुलूप नव्हतंच, आतून कडी होती. ती काढून ठेवायची आठवण राफाएलने ठेवायची, असा सगळा कारभार.

हा राफाएल मोटारीच्या कारखान्यात टूलरूममध्ये होता. हात इतका बारीक की निम्म्या कारखान्याच्या घरच्या किल्ल्या त्याने जेवणाच्या सुट्टीत घासून दिल्या होत्या. फोरमनच्या मेव्हणीच्या कपाटाचीसुद्धा. पण सिमाने मागितली की म्हणायचा, "तुला कशाला? तू घरीच असतेस." पुढे सिमा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, शिफ्टप्रमाणे जाऊ-येऊ लागली, तेव्हा म्हणाला, "एका घराला दोन किल्ल्या झाल्या की घर ढिलं पडतं." या वाक्याचा अर्थ विचारायच्या फंदात ती पडली नाही. मुंबईहून लग्न करून आलेली बाई, पदरात लहान मुलगी, देश परका. मूग गिळून बसली.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी, दिना, मोठी होऊन नर्सिंग शिकायला लंडनला गेली. आणि चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत एका शनिवारी सिमा सकाळची शिफ्ट संपवून घरी आली तेव्हा बर्फ पडत होता, पुढचं दार बंद होतं आणि मागच्या दाराला आतून कडी होती. गल्लीत चोरी झाल्याचं कुणीतरी सांगितलं म्हणून राफाएलने मोठ्या काळजीने कडी लावली, मग पुढच्या दाराने बाहेर पडून कुलूप घातलं, आणि फुटबॉलची मॅच बघायला गेला. चोरांचा बंदोबस्त चोख झाला. बायको तेवढी बाहेर राहिली.

सिमा स्वतःच्या घराच्या मागे, स्वतःच्या कोळशाच्या खोपटात, पोत्यावर बसून राहिली. मॅच संपली. मग मॅचवर चर्चा करायला मंडळी पबमध्ये गेली असावीत. अंधार पडल्यावर राफाएल शीळ घालत आला, कडी काढली, आणि खोपटातून वर पांढरी नि खाली काळी अशी बायको बाहेर आलेली बघून म्हणाला, "अगं, मग शेजारी जायचंस!"

हे एक वाक्य तो बोलला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं सिमाला नंतर पुष्कळदा वाटलं. निदान पुढे ढकललं गेलं असतं.

त्या वर्षांत इंग्लंडात घटस्फोट मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं होतं, आणि सिमाने त्या सोयीचा फायदा घेतला. कोर्टाचा कागद झाला, धर्माचाही झाला. आता राहिलं घर. वकील म्हणाला, घर विका, अर्धे अर्धे वाटून घ्या आणि सुखी राहा. वकिलाला बोलायला काय जातंय! घर विकेपर्यंत राफाएलने वर राहावं आणि सिमाने खाली, असं ठरलं.

इथे रुबेनमामा आले. रुबेनमामा मुंबईच्या रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन मुलांकडे आले होते, आणि मिडलंड्समधल्या मूठभर बेने इस्राएली घरांचे ते मामा, पंच आणि पुरोहित सगळं काही होते. कोकणातून मुंबईला नि मुंबईहून विलायतेला आलेली ही मराठी ज्यू माणसं. कुणाच्या घरी काही अडलं की रुबेनमामाला ट्रेनचं तिकीट काढून बोलावत. मामांनी दोघांना समोर बसवून समेटाचं बोलून पाहिलं, आणि तासाभरात हात टेकले.

"मग तू जाणार कुठे, सिमा?" त्यांनी विचारलं.

"घर शोधीन, मामा. माझ्या नावाचं दार आणि माझ्या पर्समध्ये त्याची किल्ली, एवढंच हवं आहे मला." आणि रागाच्या भरात तिने सगळ्यांदेखत नवस बोलून टाकला, "एलियाहू हन्नबी मला माझं घर देऊ दे. त्या घरात मी मलिदा करीन. आणि तो होईपर्यंत गोड तोंडाला लावणार नाही."

मलिदा म्हणजे यांचा नवसाचा प्रसाद. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा घालायचा, मोठ्या परातीत डोंगर करायचा, भोवती पाच फळं मांडायची, आणि नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं, नाव घेऊन प्रार्थना करायची. रुबेनमामांच्या मते त्याला दहा पुरुष लागत. नऊ असले तर ते नुसते गोड पोहे.

"गोड सोडू नको गं," मामा कळवळून म्हणाले. "घर मिळायला इथे वर्ष लागतं."

मामांचं म्हणणं खरं ठरायची वेळ आली, आणि त्याला मुख्य कारण राफाएल. घरावर विक्रीची पाटी लागली, गिऱ्हाइकं येऊ लागली. राफाएलला घर विकायचं नव्हतं असं नाही. पण त्याला घराचा अभिमान फार. गिऱ्हाईक दारात आलं की तो स्वतः घर दाखवायचा. "हे छत पाहिलंत? तीनदा गळलं, तीनदा मी बसवलं. ही भिंत दरवर्षी ओल धरते, पण मी असं प्लास्टर लावतो की मार्चपर्यंत कळत नाही. या जिन्याखाली वाळवी होती, सगळी मी काढली. बहुतेक सगळी." गिऱ्हाईक चहासुद्धा न घेता पळायचं. राफाएल हिरमुसून म्हणायचा, "लोकांना कामाची कदरच नाही." सिमा कपाळावर हात मारून बिनसाखरेचा चहा प्यायची.

"तुला डायबेटिस झालाय का?" त्याने एकदा विचारलंच.

"नाही. तुम्ही झालात," ती म्हणाली.

तेव्हा घर विकायची वाट न बघता सिमाने भाड्याची जागा शोधायला घेतली. आता टेलिफोनवरचा तिचा आवाज म्हणजे काय विचारता! तिच्या "नंबर प्लीज"ला तर राणीच्या महालातूनही कुणी नावं ठेवली नसती. संध्याकाळच्या पेपरात जाहिरात बघून ती फोन करायची, आणि घरमालकिणी पलीकडे विरघळायच्या. "या ना डियर, लगेच या. तुमच्यासारखीच नीटनेटकी बाई हवी होती." सिमा कोट चढवून, लिपस्टिक लावून पोचायची. दार उघडायचं. मालकीण तिच्याकडे बघायची, मग तिच्या मागे बघायची, फोनवरची बाई मागून येत असेल म्हणून.

"ओ, सॉरी लव्ह. जस्ट गॉन."

सिमा कोपऱ्यावरच्या टेलिफोन बॉक्समध्ये जायची, नाणं टाकायची आणि त्याच नंबरवर त्याच आवाजात विचारायची, जागा आहे का? जागा असायची. "थँक यू, कॉलर," असं म्हणून ती फोन ठेवायची, आणि बसमध्ये बसल्यावर मग तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. असं एकदा झालं, दोनदा झालं. पुढे पुढे तिने लिपस्टिक वाया घालवणं सोडून दिलं.

डॉक्टर पद्माकरांची बायको सुलक्षणा तिची मैत्रीण. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्याकडे एक खोली रिकामी होती. "बहिणीसारखी राहा," ती म्हणाली, आणि खरंच बहिणीसारखी वागली, म्हणजे रोज सकाळी चहाबरोबर विचारू लागली, "काय गं, राग गेला का?" एक दिवस सिमा कामावरून आली तर सुलक्षणाने राफाएललाच जेवायला बोलावलेलं. पुरणपोळी केली होती. सिमाला नवसामुळे ती खाता येईना, राफाएलने चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सिमा बॅग घेऊन पुन्हा खालच्या मजल्यावर आली.

बोळातून वळून, खोपटाला वळसा घालून ती मागच्या दाराशी उभी राहिली तेव्हा पाऊस पडत होता आणि कडी, नवल म्हणजे, उघडी होती. आत जायच्या ऐवजी ती तशीच दाराकडे बघत राहिली. हिरवा रंग उडालेलं, खाली पावसाने फुगलेलं दार. सोळा वर्षं ती या दाराने आत-बाहेर करत होती. या दाराने राफाएल कधी आला नव्हता, पाहुणे आले नव्हते. तसं पाहिलं तर हे दार तिचंच होतं की! फक्त त्याला कुलूप नव्हतं. ती दारातच मोठ्याने हसली.

त्याच रविवारी रुबेनमामाला पुन्हा तिकीट काढून आणलं.

"घर विकायचं नाही," सिमाने जाहीर केलं. "कापायचं. आडवं. वरचा मजला, जिना आणि पुढचं दार यांचं. खालच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं दार माझं. मधल्या वाटा कायमच्या बंद."

राफाएलला आधी संशय आला. मग त्याने मनात हिशेब केला: पुढचं दार आपल्याकडे, म्हणजे घर आपल्याकडे. लोक नाव विचारत येतील ते पुढच्या दाराशी. वडिलांनी मुंबईहून पाठवलेला मेझुझा, चौकटीवर ठोकलेली पवित्र वचनांची ती पितळी नळी, तीही पुढच्या दारावर. तो उदारपणे म्हणाला, "चालेल. तिला मागचं घेऊ दे." आपण जिंकलो अशा थाटात तो मिशीवर ताव देत बसला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्ही खाली आहेत हे त्याच्या ध्यानात आलं ते सह्या झाल्यावर. पुढचे काही आठवडे तो वरच्या अडगळीच्या खोलीत नळ बसवत होता आणि आंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात जात होता.

सामानाच्या वाटण्या मामांनी केल्या. मेझुझा राफाएलला, तेव्हा मलिद्याची तांब्याची परात सिमाला. रेडिओ त्याला, शिवणयंत्र तिला. खुर्च्या तीन तीन. लग्नाच्या फोटोपाशी घोडं अडलं. दोघांनाही तो नको होता आणि दोघेही तो दुसऱ्याला देईनात. शेवटी मामांनी तो दिनाकडे धाडला. दिना फोनवर म्हणाली, "ममी, डिव्होर्स घेऊन पण सेम हाउस? माझा फ्रेंड्स सगळी हसणार!" सिमा म्हणाली, "हसू देत. त्यांना म्हणावं, पत्ता एक असला तरी बेल दोन आहेत."

हॉलमधून खालच्या खोल्यांत येणारी वाट राफाएलने स्वतः फळी ठोकून बंद केली. मूठ काढली, भोक बुजवलं, रंग दिला. काम इतकं सुरेख केलं की तिथे कधी दार होतं हे सांगून खरं वाटलं नसतं. मागच्या दाराला कुलूपही बसवून देतो, फुकट, असं तो म्हणाला. सिमाने पैसे मोजून बाजारातून माणूस आणला. कुलूप बसलं, दोन किल्ल्या मिळाल्या. एक तिने पर्समध्ये टाकली, दुसरी दिनाला पाठवली. एक्स्चेंजवर कामाला बसली की ती मधूनच पर्स उघडून बघायची. शेजारची ऑपरेटर विचारायची, "काय हरवलं?" सिमा म्हणायची, "काही नाही. आहे."

राहिला मलिदा.

शहात्तरच्या जानेवारीतला रविवार ठरला. सिमाने पोहे आणले, मार्केटमधून नारळ आणले, परात चिंच लावून लख्ख घासली. रुबेनमामांनी आणलेला नवा मेझुझा मागच्या दाराच्या चौकटीवर ठोकला. आणि दहा पुरुष मोजून बोलावले, राफाएलला वगळून. हे तिने मुद्दाम केलं. सबंध मिडलंड्समध्ये आपल्या लोकांत राफाएलला सोडून दहा पुरुष जमवायचे म्हणजे चेष्टा नव्हे. रुबेनमामा आणि त्यांचे दोन मुलगे, बर्मिंगहॅमचे चार दिघोडकर भाऊ, लेस्टरचे बाप-लेक; एवढे करून नऊच होत होते. दहावा तिने मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीतून हुडकून काढला: एफ्राईम नावाचा विद्यार्थी, लांबच्या चुलतबहिणीचा दीर. "वरच्या माणसावाचून माझा मलिदा अडणार नाही," ती मामांना म्हणाली. मामांनी चष्मा पुसला.

दिवस मावळता मावळता मंडळी बोळातून एकेक येऊ लागली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. नऊ जण स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत डोक्यावर टोप्या घालून बसले. सिमाने पोहे भिजवले, खोबरं मिसळलं, वेलची कुटली. वास घरभर दरवळला, आणि घर आडवं कापलं असलं तरी वासाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तो वर गेला. वर पावलं वाजू लागली. खिडकीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून खिडकीपर्यंत.

तेवढ्यात फोन वाजला. एफ्राईमचा होता. मोटरवेवर त्याची गाडी बंद पडली होती, आणि टो करणारा माणूस म्हणत होता की आज काही ती सुरू व्हायची नाही. "सॉरी सिमाआंटी, खूप सॉरी."

सिमाने फोन ठेवला. नऊ पुरुष परातीकडे बघत होते, परातीतले पोहे फुगत होते, आणि दहावा पुरुष त्यांच्या डोक्यावर येरझारा घालत होता. थोरले दिघोडकर हळूच वर बघून म्हणाले, "झाडूने छताला दोन ठोसे दिले तरी पुरेल."

"किंवा ती फळी," त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. "चार स्क्रू काढले की झालं."

"फळीला हात लावायचा नाही," सिमा म्हणाली. आवाज इतका चढला की लेस्टरच्या बापाने टोपी सावरली.

आज हे झालं नाही तर नवस राहणार, आणि नवस राहिला तर हे घर नुसता कोर्टाने दिलेला खालचा मजला. देवाने दिलेलं घर नव्हे. ते तिला हवं होतं. इतक्या दारांतून परत आल्यावर तेवढा हट्ट करायचा हक्क तिला होता. पण त्यासाठी राफाएल आत यायला हवा, आणि एकदा का तो नेहमीसारखा आत आला, की घर पुन्हा त्याचं. आतापर्यंत तो विचारून कुठे आला होता?

ती फोनपाशी गेली आणि वरच्या मजल्याच्या फोनचा नंबर फिरवला.

वर घंटी वाजली. पावलं थांबली. घंटी पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. आपण फोनजवळ नव्हतोच असं दाखवायला राफाएल ती वाजू देत होता, हे खालच्या नऊही जणांना कळत होतं.

"किहीमकर स्पीकिंग."

"मिस्टर किहीमकर," सिमाने एक्स्चेंजवरचा आवाज लावला, "खालच्या मजल्यावरून बोलतेय. मलिद्याला एक माणूस कमी पडतोय. येणार असलात तर या."

वर खोकला ऐकू आला. "येतो की. त्यात काय! हॉलमधली फळी काढतो, पाच मिनिटं लागतील."

"फळी काढायची नाही. पुढून बाहेर पडा, बोळातून मागे या आणि दार वाजवा."

"सिमा, बाहेर बर्फ पडतोय."

"कोट घाला," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मग नऊ जण कान देऊन ऐकत राहिले. जिन्यावरून पावलं उतरली. पुढचं दार धाडकन लागलं. बराच वेळ काही नाही. बर्फात बोळ निसरडा होतो. मग खोपटाशी कसलीतरी बादली कलंडली, कुणीतरी मराठीत पुटपुटलं, आणि मागच्या दारावर टकटक झाली. हलकीच, परक्या घराच्या दारावर करतात तशी.

सिमा दाराशी गेली. कुलपाला हात लावला, आणि थांबली.

दाराच्या पलीकडे पाय झटकल्याचा आवाज आला. पुन्हा टकटक. "सिमा? मी आहे." ती तशीच उभी. दाराच्या आतून हे ऐकायला कसं वाटतं ते तिला बघायचं होतं. वाटलं तितकं गोड नव्हतं, पण कडूही नव्हतं.

"सिमा," मामा मागून म्हणाले, "पोहे लगदा होतील."

"होऊ देत थोडे, मामा," ती म्हणाली, आणि दार उघडलं.

राफाएल बाहेर उभा होता. अंगात लग्नातला सूट, डोक्याला टोपी, टाय नीट बांधलेला. कोट घातला नव्हता. पायात मात्र सपाता. म्हणजे स्वारी दुपारपासून तयार होऊन फोनची वाट बघत बसली होती, आणि फोन आल्यावर जी धावली ती बूट घालायलाही थांबली नाही. त्याने चौकटीवरचा नवा मेझुझा बघितला, त्याला हात लावून तो ओठांना लावला, आणि म्हणाला, "फार थंडी आहे गं बाहेर."

"माहीत आहे मला," सिमा म्हणाली.

त्याने मान खाली घातली. खोपट त्याच्या हाताच्या अंतरावर होतं, पण तिकडे तो बघेना.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

"या."

मलिदा उत्तम झाला. रुबेनमामांचा आवाज म्हातारा होता पण पट्टी पक्की होती, आणि दहा गळे लागले तशी ती छोटी खोली भरून गेली. पहिला घास सिमाने घेतला. इतक्या महिन्यांनी साखर जिभेला लागली तेव्हा तिला रडू आलं, आणि राफाएलसमोर रडू आल्याचा रागही आला. घर आता तिचं होतं. कोर्टाने दिलं होतं, देवाने दिलं होतं, आणि दहाव्या पाहुण्याने विचारून आत पाऊल ठेवलं होतं.

प्रसाद वाटून झाला तसा राफाएल सगळ्यांच्या आधी उठला. बशी घेऊन तो सवयीने हॉलच्या बाजूला गेला, आणि जिथे मूठ असायची तिथे त्याने हात नेला. हात रंगवलेल्या फळीवर टेकला. आपणच केलेलं काम तो क्षणभर चाचपत राहिला.

"दार इकडे आहे," सिमा म्हणाली. हे तिने टोचून म्हटलं नाही.

"हो, हो. विसरलो," म्हणत तो मागच्या दाराने गेला. सिमाने त्याच्या मागे दार लावून घेतलं.

मंडळी खजुराच्या बिया ताटलीत टाकत, ट्रेनच्या वेळा बोलत होती, तोच पुन्हा टकटक झाली. सिमाने उघडलं. राफाएलच. हातात मलिद्याची बशी, खांद्यांवर बर्फ.

"दार आपोआप लागलं, किल्ली वर राहिली," तो म्हणाला. "दुसऱ्या पँटला. साखळीसकट."

खोपटाची गोष्ट कॉव्हेंट्रीपासून लेस्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. नऊच्या नऊ माना खिडकीतून दिसणाऱ्या खोपटाकडे वळल्या, आणि मग सिमाकडे. या क्षणासाठी तिने मनात किती वाक्यं तयार करून ठेवली होती! शेजारी जायचंत, हे तर अगदी ओठांवर होतं. तिने त्याच्या सपातांकडे पाहिलं. त्या भिजून काळ्या पडल्या होत्या.

"बसा," तिने खुर्ची पुढे ओढली. "चहा टाकते. साखर घालून."

"फळी काढली तर—" त्याने सुरुवात केली.

"फळी राहील."

मग शेजारच्या खिडक्या पुसणाऱ्याची शिडी मागून आणली. टोप्या घातलेले सात पुरुष बर्फात शिडी धरून उभे राहिले, रुबेनमामा रेल्वेच्या शिस्तीत हातातला रुमाल हलवून सूचना देत राहिले, आणि धाकटे दिघोडकर सुटाबुटात वर चढून खिडकीतून आत गेले. समोरच्या घरांचे पडदे एकेक करून हलले. राफाएल तेवढा वेळ स्वयंपाकघरात दोन्ही हातांत कप धरून बसला होता. एकदाच बोलला.

"त्या दिवशी किती वेळ बसली होतीस?"

"मॅच संपेपर्यंत," ती म्हणाली. "आणि नंतरही."

"इतका वेळ असेल असं मला वाटलं नव्हतं."

"तुम्हाला वाटत नव्हतं, हेच तर होतं," सिमा म्हणाली, आणि त्याचा कप पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी ती शिफ्ट संपवून आली, पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं, दिवा लावला. कोट अजून अंगात होता तोच टकटक झाली. राफाएल कारखान्यातून तसाच आला होता, हातांना तेलाचा वास. त्याने मूठ पुढे करून उघडली. तळहातावर नवी कोरी किल्ली होती, दातांवरचा कीस अजून पुरता झटकलेला नव्हता.

"पुढच्या दाराची," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत केली. पुन्हा विसरलो तर... तुझ्याकडे असू दे."

सिमाने किल्ली घेतली. वजनाला काहीच नव्हती. सोळा वर्षं मागितलेली वस्तू हातात आली होती, आणि ते दार आता तिचं नव्हतं. तिला हसूही आलं, रडूही आलं, आणि यातलं आधी काय आवरावं ते तिला सुचेना.

"दोन किल्ल्या झाल्या की घर ढिलं पडतं ना?" ती म्हणाली.

"पडू दे," राफाएल म्हणाला.

तिने ती दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"ठेवते," ती म्हणाली. "मी घरी असले तर दार वाजवा. नसले तर खोपट उघडं आहे. आत पोतं ठेवलंय."